दिवस मावळायच्या आत

शिरोळ तालुक्यातल्या एका गावात, बस्तीपासून चार घरं सोडून, हे घर आहे. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे जैन मंदिराला बस्ती म्हणतात, शेजारच्या कानडी मुलखातून आलेला शब्द. घरात आजी, आई, वडील, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. तीन एकर ऊस, दोन म्हशी. जून २०२४ मध्ये मुलगी दहावीत गेली आणि मुलगा सातवीत. त्या जूनपासून वर्षभर या आईला एका प्रश्नाने झोपू दिलं नाही. तो घेऊन ती माझ्याकडे पाच-सहा वेळा आली. मी तिला हायस्कुलात गणित शिकवलंय, त्यामुळे ती मला अजून 'बाई' म्हणते. घरातल्या सगळ्यांना विचारून हे लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढलेत.

आमच्या पालकसभांत हा विषय 'अभ्यास आणि संस्कार' अशा गोड नावाखाली येतो, दोन्ही हवेत असं सगळे म्हणतात आणि चहा घेऊन घरी जातात. या आईसमोर प्रश्न आला तो ताटाच्या रूपात. मुलीने रात्री जेवायचं की नाही?

पुस्तक कुणाच्या हातात

आई गणित घेऊन बी.एस्सी. झालेली. एम.एस्सी.चा प्रवेश झाला होता, लग्न ठरलं आणि ते राहिलं. सासरी आली तेव्हा सासूबाईंना अक्षर वाचता येत नव्हतं, आजही येत नाही. पण तत्त्वार्थसूत्र या जैन धर्माच्या मूळ ग्रंथाचे दहा अध्याय, ३५७ सूत्रं, संस्कृतात, त्यांना तोंडपाठ आहेत. भक्तामर स्तोत्राचे ४८ श्लोकही.

भाद्रपद शुद्ध पंचमीपासून चतुर्दशीपर्यंत आमच्याकडे दशलक्षण पर्व चालतं, क्षमा, सत्य अशा दहा धर्मांचे दहा दिवस, रोज सूत्राचा एक अध्याय. लग्नानंतरच्या पहिल्याच पर्वातली गोष्ट तिने मला सांगितली. "मी पुस्तक धरून वाचत होते आणि चुकत होते. त्या डोळे मिटून म्हणत होत्या आणि मला थांबवत होत्या. बाई, आमच्या दोघींत शिकलेलं कोण?"

त्या वर्षापासून ती शिकायला लागली. पाठांतर सासूकडून, अर्थ पुस्तकांतून. रविवारी सकाळी बस्तीत भरणाऱ्या पाठशाळेत ती आता मुलांना शिकवते. हे आधी सांगितलं, कारण शिकलेली आई आणि अडाणी श्रद्धा असा सरळ सामना या घरात कधीच नव्हता. दोन्ही गोष्टी तिच्या स्वतःच्या कष्टाच्या आहेत. एक अर्धी सुटली आणि दुसरी तिने नंतर मिळवली. मुलीच्या दहावीत तिला आपलं सुटलेलं एम.एस्सी. दिसत होतं. तसं ती बोलली नाही, पण क्लासची फी भरल्याचं सांगताना तिचा आवाज बदलला होता.

सुट्टी आणि सूर्यास्त

शाळा पाच वाजता सुटते. तिथून एस.टी.ने जयसिंगपूर, साडेपाच ते आठ क्लास, घरी यायला पावणेनऊ. क्लासमध्ये सहा-चाळीसला दहा मिनिटांची सुट्टी.

घरचा शिरस्ता असा की दिवस मावळायच्या आत जेवायचं. आजी तर सूर्यास्ताच्या दोन घटका आधीच ताट उचलते, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं आधी. यात नवल काही नाही, गावातल्या कितीतरी घरांत हे चालतं. रात्रीच्या अंधारात, दिव्याच्या उजेडात, अन्नात पडणारे जीव दिसत नाहीत, ते मारले जातात, ते खाल्ले जातात. नियम या एका कारणातून उगवलेला आहे.

जूनमध्ये आमच्याकडे सूर्य सातनंतर मावळतो. सहा-चाळीसच्या सुट्टीत पोरगी जिन्यात बसून डबा खायची, काही अडचण नव्हती. पण सूर्य थांबत नाही. सप्टेंबरच्या मध्याला सूर्यास्त साडेसहाच्या आसपास येतो, ऑक्टोबरच्या मध्याला सव्वासहाच्या आत आणि नोव्हेंबरअखेर सहाच्या आत. म्हणजे गणपतीच्या सुमारास कधीतरी सूर्यास्त सुट्टीच्या अलीकडे सरकला. आईने वहीत त्याचा तक्ताच केला होता, एका बाजूला तारीख, दुसरीकडे सूर्यास्त, तिसरीकडे क्लासची सुट्टी. ते पान मी पाहिलंय. आठ सप्टेंबरच्या ओळीखाली लाल रेघ होती.

आठ सप्टेंबर हा त्या वर्षी दशलक्षण पर्वाचा पहिला दिवस. आईने मुलीला दहा दिवस क्लासला पाठवलंच नाही. संध्याकाळी प्रतिक्रमण (आपल्या चुकांची कबुली), आरती, प्रवचन. मुलगी कुरकुरली नाही. त्या दहा दिवसांत क्लासमध्ये वर्तुळाची प्रमेयं होऊन गेली.

पर्व संपलं, क्लास पुन्हा सुरू झाला आणि डबा परत यायला लागला, भरलेला. दुपारी दोनला शाळेच्या सुट्टीत खाल्लेलं अन्न, त्यानंतर सकाळी सातपर्यंत पाणी. पंधरा वर्षांची मुलगी, रात्री साडेअकरापर्यंत अभ्यास. महिना असा गेला, मग दुसरा.

"तुला कळत नव्हतं का गं?" मी विचारलं.

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "कळत होतं. मला आधी अभिमान वाटला, बाई."

इतकं खरं उत्तर मी पालकांकडून फार कमी वेळा ऐकलंय. सगळं प्रकरण मला या एका वाक्यात दिसतं. आईला वाटत होतं की मुलीची श्रद्धा पक्की होते आहे. प्रत्यक्षात मुलगी आईला दुखवायचं टाळत होती. बाहेरून दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात, भरलेला डबा परत येतो.

सत्र परीक्षेत गणिताच्या पेपरात तिने शेवटचा प्रश्न सोडला. डोकं गरगरत होतं, एवढंच सांगितलं. दिवाळीनंतर एका संध्याकाळी, क्लास सुटल्यावर, तिने स्टँडसमोर मैत्रिणीबरोबर वडापाव खाल्ला. रात्रीचे सव्वाआठ, त्यात बटाटा, म्हणजे कंदमूळ, तेही आमच्याकडे वर्ज्य. घरी येऊन तिने ते फक्त भावाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला सगळे जेवायला बसले असताना तो आजीला म्हणाला, "आज्जी, ताई आता घुबड होणार काय?"

रात्री जेवणारा पुढच्या जन्मी घुबड होतो, मांजर होतो, अशा गोष्टी आम्ही सगळ्यांनीच लहानपणी ऐकल्यात. मलाही आजीनेच सांगितल्या होत्या. पोराने चेष्टा केली नव्हती, त्याला खरंच भीती वाटत होती. घरात नियम होता, नियमाचं कारण होतं, पण पोरांपर्यंत कारण कधी पोचलंच नव्हतं. पोचलं होतं ते घुबड.

माझा चुकलेला सल्ला

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. क्लास बंद करावा असं तिच्या मनात होतं. मी तिला लगेच थांबवलं. आमच्या भागात मुलीची दहावी-बारावी ही नुसती परीक्षा नसते. ती चांगली झाली तर लग्नाचा विषय तीन-चार वर्षं पुढे जातो, मुलीच्या हातात काहीतरी येतं. ज्या बाईचं एम.एस्सी. लग्नात गेलं तिला हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

मग मी म्हटलं, "दहावीपुरता नियम सोडायला सांग. मार्चनंतर पुन्हा धरेल."

तिने माझ्याकडे पाहिलं. "बाई, मग ती हेच शिकणार की. परीक्षा आली की धर्म बाजूला ठेवायचा. दहावी मोठी आणि हे लहान."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सवलत म्हणून सांगितलेल्या गोष्टीतूनही मूल एक क्रम शिकतं आणि तो पुसत नाही. पुढे बारावी येते, प्रवेश परीक्षा येते, नोकरी येते. प्रत्येकीसाठी काहीतरी बाजूला ठेवायचंच असतं. उलट क्लास बंद केला असता तर मुलगी दुसरा क्रम शिकली असती, की धर्म म्हणजे आपल्याकडून काहीतरी काढून घेणारी गोष्ट.

तिला सूत्राचं पहिलंच वाक्य आडवं येत होतं. सम्यग्दर्शन, ज्ञान आणि चारित्र मिळून मोक्षमार्ग. दर्शन, म्हणजे खरी दृष्टी, खरी श्रद्धा, तिथे ज्ञानाच्या आधी आहे. "आधी श्रद्धा पक्की करायची, मग ज्ञान, असंच ना?" असं ती विचारत होती. मी तिला अमृतचंद्राचार्य या जुन्या जैन ग्रंथकारांची दिव्याची उपमा आठवून दिली. श्रद्धा आणि ज्ञान एकाच वेळी उपजतात आणि तरी एक कारण असतं, दुसरं कार्य, जसा दिवा आणि त्याचा प्रकाश. आधी नुसता दिवा लावून ठेवला आणि प्रकाश उद्या आला, असं होत नाही. तिला हे पटलं, पण ताटाचा प्रश्न तसाच राहिला. उपमेने पोट भरत नाही.

नियम आणि यम

वाट तिनेच काढली आणि ती तिच्याच पुस्तकात होती.

समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचार या गृहस्थांच्या आचारावरच्या प्राचीन ग्रंथात त्यागाचे दोन प्रकार सांगितलेत. ठरावीक काळापुरता घेतला तो नियम, आणि जन्मभरासाठी घेतला तो यम. पाठशाळेत हे ती स्वतः शिकवत आली होती. एका रात्री तेच पान समोर आलं आणि तिच्या लक्षात आलं की मुलीने यातलं काहीच घेतलेलं नाही. नियमही नाही, यमही नाही. व्रत माणूस घेतो, देवापुढे किंवा गुरूपुढे, मुदत ठरवून, समजून. घरात जन्माला आली म्हणून ते तिच्या अंगावर आलं होतं, दुधाच्या दातांसारखं.

ती तडक उठून मुलीशी बोलायला गेली नाही, याबद्दल मला तिचं कौतुक वाटतं. चार दिवस थांबली. रविवारी दुपारी दोघी सोप्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. हात कामात असले की आमच्याकडच्या मुली बोलतात. आईने विचारलं, "तुला रात्रीचं न जेवणं नको झालंय का?"

मुलगी शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, "नको असं नाही. मला न विचारता दिलंय, ते नको."

"मग तू सांग, काय घेणार?"

मुलीने ठरवलं ते असं. क्लास नसेल त्या दिवशी, रविवारी, अष्टमी-चतुर्दशीला सुट्टी पडली तर तेव्हाही, दिवस मावळायच्या आत जेवायचं. क्लासच्या दिवशी घरी आल्यावर जेवायचं. मुदत जानेवारीअखेरपर्यंत. बाहेरचं काही खायचं नाही. बस्तीत जाऊन, पार्श्वनाथापुढे उभं राहून, तिने ते मनात म्हटलं. आई दाराशी थांबली, आत गेली नाही.

आता क्लासच्या दिवशी रात्री पावणेनऊला त्या घरात चूल पेटणार होती. तीस-चाळीस वर्षांत हे पहिल्यांदा. आजी सुनेशी चार दिवस बोलली नाही. मुलगा आजीच्या बाजूला गेला. वडील, बहुतेक वडील करतात तेच, म्हशींकडे गेले.

पाचव्या रात्री मुलगी जेवायला बसली आणि आजी उठून आली. ताटावरचं जाळीचं झाकण तिने स्वतःच्या हाताने काढलं, ट्यूबलाइटखाली पाट ओढला आणि पदराचं टोक हातात घेऊन बसली. नोव्हेंबरात ऊसतोड सुरू असते, रानातले किडे दिव्यावर येतात. एखादा ताटाकडे वळला की पदराने हलकेच बाजूला करायची. मुलगी जेवेपर्यंत ती तशीच बसली, एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्या रात्री धाकटा येऊन दुसऱ्या बाजूला बसला.

आईने मला हे सांगितलं तेव्हा तिला पुढे बोलवेना. रात्री का जेवायचं नाही, हे मुलांना पंधरा वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं. आजीने ते रात्रीच्या जेवणातच दाखवलं.

जे आधीच विचारायला हवं होतं

याच आठवड्यात आई आणि आणखी दोन पालक क्लासच्या सरांना भेटले. क्लास पावणेसहाला सुरू करा, त्याआधी मुलांना डबा खाऊ द्या, सुट्टी नको. सर लगेच हो म्हणाले. पंचवीसपैकी बऱ्याच मुलांच्या घरी हाच प्रश्न होता आणि इतक्या दिवसांत कुणी विचारलंच नव्हतं.

हे मी मुद्दाम सांगते. दोन महिने ही आई मोक्षमार्ग एका पारड्यात आणि दहावी दुसऱ्या पारड्यात घालून बसली होती. खरी अडचण होती पंधरा मिनिटांची. श्रद्धेचे प्रश्न आले की आपण घाबरून मोठेच शब्द काढतो, आणि एस.टी.चं वेळापत्रक, क्लासची वेळ, डब्यात काय टिकतं, याकडे बघायचं राहून जातं. पण पंधरा मिनिटं मिळाली म्हणून आधीचं बोलणं वाया गेलं असंही नाही. वेळ बदलल्यावर मुलगी काही दिवस आधी जेवायची, काही दिवस नंतर. आता ते तिचं होतं.

आमच्या समाजाला हा घड्याळाचा प्रश्न जुना आहे. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा १८९९ ची. खेड्यातल्या शेतकऱ्यांच्या पोरांना शहरात राहून शिकता यावं आणि घरचं खाणंपिणं, आचार सुटू नये, म्हणून तिने बोर्डिंगं काढली. समंतभद्र महाराज (रत्नकरंडवाले आचार्य नव्हेत, गेल्या शतकातले मुनी) स्वतः पदवीधर. त्यांनी १९१८ मध्ये कारंज्याला आणि १९३४ मध्ये कुंभोजच्या बाहुबलीला गुरुकुल उभं केलं. तिथे सकाळी पूजा आणि दुपारी बीजगणित, दोन्ही एकाच वेळापत्रकात. धाकट्याला तिथे घालावं असं आईच्या मनात येऊन गेलं होतं. मी तिला एवढंच म्हटलं, गुरुकुलात घड्याळ एकाच्या हातात असतं, म्हणून तिथे ते जमतं. तुझ्या घरात घड्याळं चार आहेत, शाळेचं, क्लासचं, एस.टी.चं आणि सूर्याचं. पोराला आज ना उद्या या चार घड्याळांतच राहायचंय. तिने पाठवलं नाही. आजीही पाठवू देणार नव्हती, ते वेगळं.

दोन सूर्य

धाकट्याचं प्रकरण लहान होतं, पण आईला त्याने जास्त हलवलं.

सातवीच्या भूगोलात सूर्य, चंद्र आणि पृथ्वीचा पाठ आहे. चाचणीत दिवस-रात्र कशी होते हा प्रश्न आला. पोराने लिहिलं, पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून. आणि खाली पुढची ओळ, "पाठशाळेत शिकवतात की सूर्य मेरूभोवती फिरतो आणि जंबुद्वीपात दोन सूर्य आहेत." शिक्षकांनी दुसऱ्या ओळीवर काट मारून अर्धा गुण कापला. पाठशाळेतल्या दुसऱ्या एका शिक्षकांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, पहिल्या ओळीवर काट मारायला हवी होती.

सूत्राच्या तिसऱ्या-चौथ्या अध्यायांत हे वर्णन खरंच आहे. एक लाख योजन व्यासाचा जंबुद्वीप, मधोमध मेरू पर्वत, ज्योतिष्क देव, म्हणजे सूर्य, चंद्र, तारे, त्याला प्रदक्षिणा घालतात आणि त्यावरून काळाचे भाग पडतात. आईने हेच पोराला पाठ करायला लावलं होतं. आता तो विचारत होता, "आई, खरं कुठलं?"

तिला दोन उत्तरं सुचली, दोन्ही तिने मला बोलून दाखवली. एक, शाळेत शाळेचं लिही, बस्तीत बस्तीचं म्हण. दुसरं, आपल्या आचार्यांना सगळं आधीच ठाऊक होतं, विज्ञान हळूहळू तिथे पोचेल.

पहिलं उत्तर मुलाला दोन तोंडांनी बोलायला शिकवतं, आणि तेही सत्य हा दहा धर्मांतला एक धर्म असलेल्या घरात. दुसऱ्याची तर मला भीतीच वाटते. त्याच महिन्यात विज्ञानाच्या तासाला पोराने कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. या घरात कांदा येत नाही, त्याने आयुष्यात पहिल्यांदा कांदा हातात धरला. संध्याकाळपर्यंत बोटं हुंगत होता. विटांच्या भिंतीसारखे चौकोन दिसले, म्हणाला. आई मला म्हणाली, "बाई, हेच निगोद ना? कंदमुळात अनंत जीव सांगितलेत ते हेच." मी म्हटलं, नाही. पेशी म्हणजे पेशी. जिना चढताना तुझ्या गुडघ्यातही त्याच असतात. निगोदाची कल्पना आचार्यांनी वेगळ्या विचाराने मांडली, तिला सूक्ष्मदर्शकाच्या कुबड्या कशाला? आज पेशी दाखवून श्रद्धा पक्की केलीस तर उद्या दुसरी स्लाइड तीच श्रद्धा मोडेल.

मग मी तिला आपल्याच मातीतली माणसं सांगितली. नवव्या शतकातले महावीराचार्य, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातले, त्यांचा गणितसारसंग्रह म्हणजे अपूर्णांक, व्याज, क्षेत्रफळ, निव्वळ हिशेब. ती गणिताची पदवीधर, आणि तिने हे नाव ऐकलं नव्हतं. दोष तिचा नाही, आम्ही गणिताच्या शिक्षकांनी कधी सांगितलं नाही. आणि आ. ने. उपाध्ये, जन्म सदलग्याचा, आमच्या गावांपासून हाकेच्या अंतरावर. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात त्यांनी अनेक वर्षं अर्धमागधी शिकवलं. कुंदकुंदाचार्यांचा प्रवचनसार हा प्राचीन प्राकृत ग्रंथ त्यांनी १९३५ मध्ये संपादित केला, आणि त्यात पाठभेद, भाषा, काळ यांची नीट चिकित्सा केली. श्रद्धेय ग्रंथालाही प्रश्न विचारता येतात, आणि विचारणाऱ्याला समाज मान देतो, हे बस्तीत पूजा करणाऱ्या आपल्या उपाध्ये घराण्यातल्याच माणसाने दाखवून दिलंय.

आईने पोराला काय सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते. "पृथ्वी सूर्याभोवती फिरते. हे मोजून सांगितलंय, तुलाही मोठा झाल्यावर मोजता येईल. सूत्रात जे जग सांगितलंय ते त्या काळच्या लोकांनी मनात जसं पाहिलं तसं आहे. आज्जी ते म्हणते, मी म्हणते, तूही पाठ कर. पण दुसरा अध्याय घे. अळीला दोन इंद्रियं, मुंगीला तीन, भुंग्याला चार, माणसाला पाच. एवढं लक्षात घेऊन पाय ठेवायचा. ते मोजायला कुणी नको."

पोराने विचारलं, "मग दोन सूर्य खोटे?"

"दोन सूर्य नाहीत," ती म्हणाली.

पाठशाळेत यावरून बोलणं झालंच. तीन रविवार तिला शिकवायला दिलं नाही. चौथ्या रविवारी बोलावलं, कारण तेवढं सूत्र येणारं दुसरं कुणी गावात नव्हतं. तिसरा-चौथा अध्याय आता दुसरे शिक्षक घेतात.

तिने हे उत्तर इतकं सरळ द्यायला नको होतं असं म्हणणारे लोक मला भेटलेत. बारा वर्षांच्या मुलाला एवढं कशाला, म्हणतात. माझं मत उलट आहे. बाराव्या वर्षी आईने सांगितलं नाही तर अठराव्या वर्षी कुणीतरी हसून सांगेल, आणि तेव्हा जंबुद्वीपाबरोबर मुंगीही जाईल.

नंतर

परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली. मुलीने जानेवारीअखेर संपलेला नियम पुन्हा घेतला नाही. आईने विचारलं नाही. निकाल १३ मे २०२५ ला लागला, विशेष प्रावीण्य मिळालं, गणितात आईच्या हिशेबापेक्षा कमी, मराठीत जास्त. वर्तुळाच्या प्रमेयांचे गुण त्या दहा दिवसांनी नेले का, हा विषय आई अजून काढते. मी तिला सांगते, दहा दिवसांनी नाही, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उपाशी रात्रींनी नेले असतील. तेवढं तिने स्वतःला माफ केलेलं नाही, आणि मीही तिची समजूत काढत नाही. लेकराच्या भुकेने श्रद्धा मोजण्याची चूक त्या घरात पुन्हा होऊ नये एवढंच मला वाटतं.

त्या पावसाळ्यात शेजारच्या गावी मुनिमहाराजांचा चातुर्मास होता. धाकटा आजीबरोबर दर्शनाला गेला आणि पुढे होऊन म्हणाला, मला जन्मभर रात्रीभोजनाचा त्याग द्या. आजीचे डोळे भरून आले. महाराजांनी त्याला वय विचारलं, इयत्ता विचारली, घरी कोण कोण आहे ते विचारलं. मग म्हणाले, "चातुर्मासापुरता घे. संपल्यावर ये आणि सांग कसं गेलं." परत येताना आजी वाटेत गप्प होती. घरी येऊन सुनेला म्हणाली, "महाराजबी तुझ्यासारखंच बोलले की गं."

मुलगी आता सांगलीला अकरावी सायन्सला आहे, वसतिगृहात राहते. मेस संध्याकाळी साडेसातला उघडते. रोज रात्री नऊला आई फोन करते आणि विचारते, "जेवलीस का?" मुलगी हो म्हणते. कधी जेवलीस, हे आई विचारत नाही. एकदा विचारायला तोंड उघडलं होतं, म्हणाली, आणि मग भूगोलाची वही मागत धाकटा मध्ये आला.